घरचा आवाज परका होतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘बिल गेट्स यांनी शाळकरी मुलांना सांगितलेले अकरा नियम’ अशा मथळ्याची एक यादी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पूर्वी ती ई-मेलने येत असे, पुढे मोबाइलवर फिरू लागली. आयुष्य कोणाला झुकते माप देत नाही, शाळेतल्यासारखी पुन्हा पुन्हा संधी बाहेरच्या जगात मिळत नाही, अशा आशयाचे खडे बोल तिच्यात आहेत. यादी खरी आहे. फक्त ती बिल गेट्स यांची नाही. चार्ली साइक्स या अमेरिकन रेडिओ निवेदकाने १९९६ साली वर्तमानपत्रातल्या एका लेखात ती लिहिली होती. स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या नावावर जगभर फिरताना पाहण्याची वेळ साइक्स यांच्यावर आली. त्यावर हसून सोडून देता आले असते. पण वीस वर्षांनी त्यांच्यावर याहून कठीण प्रसंग आला. त्यांचे स्वतःचे श्रोते असल्याच निनावी मजकुरावर अधिक विश्वास ठेवू लागले आणि रोज कानावर पडणारा त्यांचा आवाज खोटा मानू लागले. या माणसाची कारकीर्द मला आज सांगायची आहे.

आपल्याकडे रेडिओ म्हणजे दीर्घकाळ आकाशवाणीच. बातम्या, कामगारांसाठीचे आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, श्रुतिका, नाट्यसंगीत. २००१ साली खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, पण बातम्या आणि चालू घडामोडी यांना त्यांना मनाई होती. त्यामुळे रोज सकाळी तीन-तीन तास राजकारणावर बोलणारा, उघडउघड एक बाजू घेणारा आणि श्रोत्यांशी फोनवरून वाद घालणारा निवेदक ही कल्पना आपल्याला थोडी समजावूनच घ्यावी लागते.

अमेरिकेतही ती पहिल्यापासून नव्हती. तिथे रेडिओ केंद्रे बहुतांशी खासगी मालकीची. पण ध्वनिलहरी मर्यादित, म्हणून परवाना सरकारी. परवाना देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९४९ साली एक दंडक घातला. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांना केंद्राने वेळ द्यायचा आणि वादाच्या विषयात दुसरी बाजूही ऐकवायची. याला ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणत. आपण त्याला समतोलाचा नियम म्हणू. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. नियमाचा हेतू चांगला होता, पण व्यवहारात त्याचा एक परिणाम असा झाला की, दुसऱ्या बाजूला वेळ देण्याच्या कटकटीपेक्षा वादाचा विषयच नको, असे अनेक केंद्रचालकांना वाटे. १९८७ साली हा नियम कायद्यात घालण्याचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले. अध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमिशनने नियमच रद्द केला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो, त्या एएम केंद्रांना उतरती कळा लागली होती. संगीत एफएमवर गेले, कारण तिथे आवाज स्वच्छ. एएमकडे खरखर उरली आणि दूरवर पोहोचणारी ताकद उरली. खरखरीतही चालेल असे काय? माणसाचे बोलणे. १ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला आणि एएम केंद्रांना जणू संजीवनी मिळाली. केंद्रांना कार्यक्रम मिळे, त्याच्या बदल्यात जाहिरातींचा काही वेळ कार्यक्रमाच्या वितरकाला द्यावा लागे. हिशेब सोपा होता. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, तेव्हा नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनी लिम्बॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्यत्व दिले. रेडिओ निवेदकाचे वजन किती वाढले होते, हे यावरून कळते.

लिम्बॉ देशाचे होते. साइक्स एका शहराचे. मिल्वॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातले सर्वांत मोठे शहर. मिशिगन सरोवराच्या काठचे, जर्मन वंशाच्या लोकांचे, बिअरच्या कारखान्यांचे आणि हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचे. साइक्स यांचा जन्म १९५४ चा. वडील पत्रकार आणि पुढे विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापक, विचारांनी उदारमतवादी. साइक्स स्वतः ‘मिल्वॉकी जर्नल’ या वर्तमानपत्रात बातमीदार होते, नंतर शहराच्या मासिकाचे संपादक झाले. हळूहळू ते उजवीकडे सरकले. विद्यापीठांतील प्राध्यापक शिकवण्याचे काम टाळतात, अशी टीका करणारे त्यांचे ‘प्रॉफस्कॅम’ हे पुस्तक १९८८ साली गाजले. १९९३ पासून ते डब्ल्यूटीएमजे या एएम केंद्रावर रोज बोलू लागले आणि पुढची २३ वर्षे बोलत राहिले.

या केंद्राच्या नावातली शेवटची तीन अक्षरे म्हणजे ‘द मिल्वॉकी जर्नल’. केंद्र वर्तमानपत्राच्याच कंपनीचे होते आणि २०१५ पर्यंत त्याच घराण्यात राहिले. म्हणजे साइक्स ज्या वर्तमानपत्रात शिकले, त्याच्याच नावाच्या केंद्रावर बसून रोज सकाळी त्याच वर्तमानपत्राचा समाचार घेत असत. आजच्या बातमीत काय दडवले, कोणता शब्द मुद्दाम वापरला, कोणाला प्रश्नच विचारला नाही. मालकाला त्याचे काही वाटत नसे, कारण कार्यक्रम चालत होता.

तो कसा चालत असे, तेही पाहू. ताशी बातम्या, मध्ये हवामान आणि रस्त्यांवरच्या वाहतुकीची माहिती, मग निवेदकाचे स्वगत आणि मग फोन. फोन थेट निवेदकाकडे जात नाही. एक सहायक आधी नाव, गाव आणि मुद्दा विचारतो. ते निवेदकासमोर पडद्यावर दिसते. कोणाला घ्यायचे ते निवेदक ठरवतो. विरोधात बोलणाऱ्याला मुद्दाम पुढे घेण्यात फायदा असतो, कारण खडाजंगी झाली की मोटारीत बसलेला श्रोता केंद्र बदलत नाही. याच केंद्रावरून ग्रीन बे पॅकर्स या लाडक्या फुटबॉल संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन होई. त्यामुळे केंद्र घराघरात आधीच लागलेले असे. साइक्स हा अशा रीतीने घरचाच आवाज झाला होता. त्यांचे बोलणे इतरांच्या मानाने संयत, वाचन भरपूर, टोला नेमका. वर्षानुवर्षे रोज ऐकलेला माणूस श्रोत्याला नातेवाइकासारखा वाटू लागतो. निवेदकाचे खरे भांडवल हेच.

या भांडवलाचे राजकीय मोल मोठे होते. स्कॉट वॉकर, पॉल रायन, राइन्स प्रीबस ही विस्कॉन्सिनची माणसे पुढे देशपातळीवर पोहोचली. वॉकर गव्हर्नर झाले, रायन २०१२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार आणि नंतर प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले, प्रीबस रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष झाले. तिघांचाही साइक्स यांच्या कार्यक्रमाशी घरोबा होता. २०११ साली वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे हक्क जवळजवळ संपवणारा कायदा केला. राजधानी मॅडिसनमध्ये हजारो शिक्षक आणि कर्मचारी रस्त्यावर उतरले. गव्हर्नरला परत बोलावण्याची निवडणूक ५ जून २०१२ रोजी झाली आणि वॉकर टिकले. अशा निवडणुकीतून वाचलेले ते अमेरिकेच्या इतिहासातले पहिले गव्हर्नर. त्या सगळ्या काळात त्यांची बाजू रोज सकाळी लोकांपर्यंत नेणाऱ्यांत साइक्स आघाडीवर होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मिल्वॉकी हे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय वस्त्या एकमेकींपासून अगदी तुटलेल्या अशा अमेरिकन शहरांपैकी एक मानले जाते. शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे. भोवतालच्या वॉकेशा, ओझॉकी, वॉशिंग्टन या परगण्यांत गौरवर्णीय मध्यमवर्ग. टॉक रेडिओचा श्रोता मुख्यतः या उपनगरांतला. शहरातले गुन्हे, सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे, बिघडलेल्या शाळा हे तिथल्या कार्यक्रमांचे नेहमीचे विषय. हे निवेदक उपनगरांच्या मनात शहराविषयी अढी वाढवतात, अशी टीका सतत होत असे आणि ‘न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकाने २०१४ साली त्यावर मोठा लेखच छापला. साइक्स यांना तो आरोप मान्य नव्हता. आपण शहरातल्या गरीब मुलांना खासगी शाळेत जाता यावे यासाठी झगडलो, असे ते म्हणत. आणि शाळाशुल्काच्या सरकारी अनुदानपत्रांच्या योजनेला त्यांचा पाठिंबा होता, हेही खरे. पण दोन दशके रोज ऐकवलेल्या सुराचा परिणाम निवेदकाच्या हेतूवर अवलंबून नसतो.

मग २०१५ साल उजाडले. डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदाच्या स्पर्धेत उतरले. साइक्स यांच्या मते हा माणूस उजव्या विचारांचा नव्हताच. आपल्या श्रोत्यांनाही ते सहज दिसेल, असा त्यांचा होरा होता. पण त्यांच्याकडे येणारी पत्रे बदलू लागली. श्रोते कुठल्याकुठल्या संकेतस्थळांवरच्या कहाण्या पाठवू लागले. ही बातमी तुम्ही का सांगत नाही, असे विचारू लागले. साइक्स तपासून पाहत आणि उत्तर देत, की हे खोटे आहे. श्रोता विचारी, कशावरून? त्यावर एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राने केलेली शहानिशा दाखवावी, तर श्रोता म्हणे, ते तर डाव्यांचे वर्तमानपत्र. तुम्हीच नाही का सांगत होता? इथे साइक्स निरुत्तर झाले. सामन्यातले पंच पक्षपाती आहेत, हे त्यांनी वीस वर्षे शिकवले होते. त्यातल्या अनेक तक्रारी रास्तही होत्या. पण आता सामन्याचा निकाल कोणी द्यायचा, तर मैदानात पंचच उरला नव्हता. हे निदान माझे नाही. २०१६ मध्ये मुलाखतींतून आणि लेखांतून त्यांनी स्वतःच ते केले.

विस्कॉन्सिनमधली रिपब्लिकन पक्षांतर्गत निवडणूक ५ एप्रिल २०१६ रोजी होती. त्याआधी आठवडाभर, २८ मार्चला, ट्रम्प यांनी साइक्स यांच्या कार्यक्रमात फोनवरून मुलाखत दिली. तिचे ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे आणि रेडिओच्या अभ्यासकाने ऐकावे असेच ते आहे. साइक्स यांनी विचारले, की मी तुमच्या विरोधकांपैकी आहे हे तुम्हाला ठाऊक होते का? ट्रम्प म्हणाले, नव्हते. त्या दिवसांत ट्रम्प यांनी प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या पत्नीच्या रूपाची थट्टा करणारे एक छायाचित्र प्रसृत केले होते. सुरुवात त्यांनी केली, असा ट्रम्प यांचा बचाव. शाळेच्या मैदानावरचा बारा वर्षांचा दांडगट मुलगा असे म्हणेल, लिंकन यांच्या पदावर बसू पाहणाऱ्याने म्हणू नये, या अर्थाचे उत्तर साइक्स यांनी दिले. आवाज चढला नाही, शिवी नाही. राज्यातले इतर काही उजवे निवेदकही ट्रम्प यांच्या विरोधात होते. निकाल लागला तेव्हा क्रूझ यांना ४८ टक्के आणि ट्रम्प यांना ३५ टक्के मते होती. ज्या उपनगरांत हे कार्यक्रम सर्वाधिक ऐकले जात, तिथे ट्रम्प यांचा पराभव अधिकच मोठा होता.

म्हणजे निवेदकाच्या शब्दाला वजन होते. पण ते किती काळ टिकले? जुलैमध्ये ट्रम्प अधिकृत उमेदवार झाले. वॉकर, रायन, प्रीबस यांनी त्यांना पाठिंबा दिला. बहुतेक निवेदकही वळले. साइक्स वळले नाहीत. तेव्हा श्रोत्यांचा सूर बदलला. विश्वासघातकी, विकला गेलेला, असे शब्द कालपर्यंतच्या चाहत्यांकडून येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन सुमारे २३ हजार मतांनी जिंकले. साइक्स यांनी त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कार्यक्रम सोडण्याची घोषणा केली होती. हा निर्णय आधीच झाला होता, पण हे वर्ष मन मोडणारे गेले हेही खरे, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. २०१७ साली त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिले आणि उजव्या माध्यमांच्या घसरणीत स्वतःचा वाटाही मोजला. भोवती वाढणारी विकृती दिसत असूनही आपण तिच्याकडे काणाडोळा केला, ही त्यातली कबुली मला महत्त्वाची वाटते. अशी कबुली देणारे निवेदक फार नाहीत.

आता पॉडकास्टकडे वळू. हा शब्द प्रथम छापला गेला २००४ साली, लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये. ध्वनिमुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून आपोआप श्रोत्याच्या यंत्रात उतरवून घेण्याची ही सोय. २००५ मध्ये अॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये ती दिली आणि पुढे स्मार्टफोनमुळे ती प्रत्येकाच्या खिशात आली. तिला मनोरा लागत नाही, परवाना लागत नाही, ताशी बातम्यांसाठी थांबावे लागत नाही. रेडिओ सोडल्यावर साइक्स यांनी २०१७ च्या सुरुवातीला सार्वजनिक रेडिओवरील एका चर्चा-मालिकेत भाग घेतला आणि मग ‘वीकली स्टँडर्ड’ या उजव्या साप्ताहिकाचा दैनिक पॉडकास्ट ते करू लागले. १९९५ साली सुरू झालेले हे साप्ताहिक ट्रम्प यांच्यावर टीका करत राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये मालकांनी ते बंद केले. तेव्हा साप्ताहिकाचे एक संस्थापक बिल क्रिस्टल यांच्यासह साइक्स यांनी ‘बुलवर्क’ उभे केले. बुलवर्क म्हणजे तटबंदी. त्याचा पॉडकास्ट आणि रोजचे पत्र यांनी साइक्स यांना पुन्हा श्रोते मिळवून दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथूनही ते बाहेर पडले आणि स्वतःचे स्वतंत्र पत्र व पॉडकास्ट चालवू लागले.

वरवर पाहता माणूस तोच, मायक्रोफोन तोच. बदलला तो श्रोता. मिल्वॉकीचा श्रोता एका गावचा होता. तो पॅकर्सच्या सामन्यासाठी रेडिओ लावी, रस्त्यावरची कोंडी कळावी म्हणून लावी आणि ओघात साइक्सही ऐके. त्याला न पटणारे त्याच्या कानावर पडण्याची शक्यता होती आणि तो फोन उचलून भांडू शकत होता. पॉडकास्टचा श्रोता देशभर विखुरलेला. तो नाव शोधून, निवडून येतो. बहुधा त्याला पाहुणा आणि निवेदक यांच्या गप्पा ऐकायला मिळतात. न पटणाऱ्या गावकऱ्याचा फोन तिथे वाजत नाही. साइक्स यांना नव्याने मिळालेला श्रोता ट्रम्पविरोधी होता आणि त्यात पूर्वी साइक्स यांचा रेडिओ बंद करणारेही असणार. ज्यांना पटवायचे होते ते उपनगरातले जुने श्रोते मात्र मागेच राहिले.

उलट वाटेने गेलेल्यांचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. लिम्बॉ फेब्रुवारी २०२१ मध्ये वारले. त्यांच्या वेळेवर अनेक केंद्रांनी डॅन बोंजिनो यांना घेतले. बोंजिनो पॉडकास्टमधून रेडिओकडे आले होते आणि ट्रम्प यांचे खंदे समर्थक होते. २०२५ साली त्यांची एफबीआयच्या उपसंचालकपदी नेमणूक झाली. श्रोत्याच्या मागून चालणाऱ्याला बढती आणि श्रोत्याला अडवणाऱ्याला निरोप, असा हा बाजाराचा न्याय.

साइक्स यांना नायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे, की त्यांनी आगीशी वीस वर्षे खेळ केला आणि घर पेटल्यावर ओरडले. त्यात तथ्य आहे. पण ओरडले, हेही तथ्य आहे. आणि त्यासाठी त्यांनी आपले सारे भांडवल एकाच वेळी खर्च केले. त्या खर्चातून काय मिळाले? एक प्राथमिक निवडणूक. ज्या शहराने त्यांना घरचे मानले होते, तिथे तो आवाज पुन्हा रोज सकाळी वाजला नाही.

आज मराठीतही पॉडकास्ट झाले आहेत. परवाना नाही, मनाई नाही, कोणी कितीही वेळ बोलावे. त्यातले काही मी आवडीने ऐकतो. समतोलाचा जुना सरकारी नियम परत यावा, असे मी म्हणणार नाही; तो अमेरिकेतही आला नाही. पण तो नियम जे काम जबरदस्तीने करून घेत होता, ते आता दोघांनी मिळून राजीखुशीने करायचे आहे. बोलणाऱ्याने अधूनमधून आपल्याच माणसांना न आवडणारे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते ऐकूनही दुसऱ्या दिवशी परत यायचे. मिल्वॉकीत पहिली अट पाळली गेली, फार उशिरा का होईना. दुसरी पाळली गेली नाही.